कॉन्वीचा किल्ला बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही इंग्लंडमध्ये, चेस्टरजवळ राहतो. उन्हाळा लागला की भारतातून नातेवाईक, त्यांचे मित्र, मित्रांची शिकायला आलेली मुलं असा गोतावळा घरी उतरतो आणि पहिल्या चहाबरोबरच विषय निघतो, "इथे जवळपास किल्ला कुठला?" मी सगळ्यांना आधी कॉन्वीला नेते. ज्यांना मी सोबत करू शकत नाही ते फोनवर विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

कॉन्वी इंग्लंडमध्येच आहे ना?

नाही, वेल्समध्ये. तिथल्या माणसाशी बोलताना ही चूक करू नका, त्यांना ती लागते. वेल्स हा युनायटेड किंग्डमचा भाग असला तरी त्याची भाषा वेगळी आहे आणि कार्डिफमध्ये त्याचं स्वतःचं विधिमंडळ आहे. कॉन्वी हे वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं छोटं, अजूनही तटबंदीत बसलेलं गाव. नदीचं नावही कॉन्वीच. ती समुद्राला मिळते तिथल्या खडकावर किल्ला उभा आहे.

वेगळा व्हिसा लागतो का?

नाही. ब्रिटनचा व्हिसा पुरतो, वाटेत कुठे तपासणी नाही, चलनही पौंडच.

किल्ला वेल्श राजांचा की इंग्लंडच्या राजाचा?

इंग्लंडच्या राजाचा. ही एक गोष्ट लक्षात घेऊन आत गेलात तर किल्ला कळतो. नाहीतर फोटो काढून परत याल, म्हणून इथे जरा थांबते.

तेराव्या शतकात उत्तर वेल्समध्ये ग्विनेदचं वेल्श राज्य होतं. तिथला राजपुत्र लुवेलिन आप ग्रिफिद ११ डिसेंबर १२८२ रोजी मारला गेला आणि त्याचं मुंडकं लंडनला नेऊन टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यावर लावलं गेलं. पुढच्या वर्षी त्याचा भाऊ दाविद पकडला गेला, त्याला श्रूसबरीत हालहाल करून मारलं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड १२८३ मध्ये कॉन्वीच्या मुखाशी पोचला तेव्हा तिथे सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांचा आबेरकॉन्वी मठ होता. याच मठात लुवेलिनचे आजोबा, म्हणजे ज्यांना वेल्श लोक थोरला लुवेलिन म्हणतात ते, पुरलेले होते. एडवर्डने मठ तिथून हलवला, संन्याशांना नदीच्या वरच्या अंगाला मेनानला धाडलं आणि त्याच ठिकाणी किल्ला आणि गाव उभारायला घेतलं.

नदीमुखाची जागा मोक्याची होती हे खरंच. पण ज्या राजघराण्याला हरवलं त्याच्या समाधीवरच आपलं ठाणं बसवण्यात जो अर्थ होता, तो तेव्हाच्या कुठल्याही वेल्श माणसाला समजावून सांगावा लागला नसेल. तटाच्या आत इंग्रज कुटुंबं आणून वसवली गेली. वेल्श माणसाला तिथे राहायला आणि व्यापार करायला मज्जाव होता. तटबंदी सहसा आजूबाजूच्या मुलखाला आसरा द्यायला असते. ही त्या मुलखातल्याच माणसांना बाहेर ठेवायला बांधली होती.

मठाचं चर्च मात्र पाडलं नाही. गावाच्या मधोमध जे सेंट मेरी चर्च आहे, ते मुळातलं हेच. किल्ला बघून झाल्यावर दहा मिनिटं तिथे बसून या.

बांधायला किती वर्षं लागली?

फक्त चार. १२८३ ते १२८७. आठ मोठे बुरूज, दोन चौक आणि गावाची १.३ किलोमीटर लांब तटबंदी, सगळं एवढ्यात. खर्च सुमारे १५,००० पौंड, जो त्या काळी प्रचंड होता. कामाचा प्रमुख होता जेम्स ऑफ सेंट जॉर्ज, आल्प्सकडच्या सव्हॉय प्रांतातून आणलेला गवंडी. इंग्लंडभरच्या परगण्यांमधून गवंडी, सुतार, खणकर सक्तीने गोळा करून आधी चेस्टरला आणत आणि तिथून कामावर पाठवत. १२८५ च्या उन्हाळ्यात इथे सुमारे १,५०० माणसं राबत होती.

त्या माणसांच्या हाताची खूण अजून दिसते. बाहेरच्या बाजूने एखाद्या बुरुजाकडे नीट बघा. दगडात मुठीएवढी चौकोनी भोकं दिसतील. ती परांचीची भोकं. लाकडी बल्ल्या खोचून त्यावर फळ्या टाकत आणि काम वर सरकत जाई. आता ही भोकं बघताना डोळे सावकाश वर न्या: काही ठिकाणी त्यांची रांग आडवी न जाता तिरकी, बुरुजाभोवती वळसा घेत चढते. म्हणजे परांचीच उताराची होती आणि दगड त्यावरून वर ओढत नेत. ही सव्हॉयकडची पद्धत. मला कुठल्याही माहिती फलकापेक्षा या भोकांच्या रांगेने जास्त सांगितलं.

आणखी एक. आज करडा दिसणारा हा किल्ला मुळात चुन्याने पांढरा केलेला होता. भिंतीवर कुठे कुठे गिलाव्याचे पांढुरके ठिपके अजून चिकटून आहेत. नदीपलीकडून तो किती दुरून दिसत असेल याचा विचार करा.

आपल्या किल्ल्यांसारखा आहे का?

सह्याद्रीतले किल्ले डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर पहिल्यांदा लहान वाटेल. माची नाही, पाण्याची टाकी नाहीत, चढायला डोंगर नाही. आठ बुरूज जवळजवळ उभे आणि मधे दोन चौक, एवढाच पसारा. पण भिंतींची जाडी आणि उंची बघा. बुरूज साधारण २० मीटर उंच आहेत आणि त्यांच्या भिंती काही ठिकाणी साडेचार मीटरपर्यंत जाड.

बाकी बऱ्याच गोष्टी तुम्हाला ओळखीच्या वाटतील. चर्या आहेत, जंग्या आहेत. इथल्या जंग्या तीरासाठी असल्यामुळे बाहेरून नुसती उभी फट दिसते आणि आतून माणूस उभा राहील एवढी रुंद होते. शिबंदी मात्र अगदी थोडी: फक्त ३० माणसं, त्यांतले १५ आडव्या धनुष्याचे तिरंदाज, आणि बाकीच्यांत सुतार, लोहार, गवंडी, पाद्री वगैरे. किल्लेदार हाच गावाचा महापौर. इतक्या कमी माणसांवर भागायचं कारण समुद्र. वेढा पडला तरी जहाजाने रसद येऊ शकत होती, त्यासाठी नदीकडे वेगळा दरवाजा होता.

कॉन्वी, कार्नार्वन, हार्लेख आणि बोमारिस हे एडवर्डचे चार किल्ले १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. आपले शिवकालीन आणि मराठा किल्ले त्या यादीत २०२५ मध्ये आले, त्यामुळे आता पाहुणे मुद्दाम दोन्हींची तुलना करायला येतात, याचा मला फार आनंद होतो.

आत गेल्यावर काय चुकवू नये?

शिरतानाच वर बघा. पश्चिमेच्या दारावरच्या भिंतीत पुढे काढलेल्या दगडांमध्ये मोकळी भोकं ठेवलेली दिसतील. दाराशी आलेल्या शत्रूवर त्यातून दगड टाकायचे. दगडात बांधलेली अशी रचना ब्रिटनमध्ये टिकून राहिलेल्यांपैकी सगळ्यात जुनी हीच.

बाहेरच्या चौकात उजवीकडे मोठं दालन आहे. छप्पर गेलेलं, पण ते पेलणाऱ्या दगडी कमानींपैकी एक उभी आहे. कमानीखाली उभं राहून भिंतीकडे पाहा: शेकोट्या अधांतरी लटकलेल्या दिसतात, एक खाली, एक तिच्या बरोबर वर. मधली लाकडी जमीन कधीच गेली, तुळया बसवायच्या खाचा तेवढ्या उरल्या. एका पाहुण्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने मला विचारलं होतं, "वरच्या शेकोटीपाशी बसायला ते उडून जायचे का?" त्यानंतर आम्ही दोघींनी प्रत्येक बुरुजात किती मजले होते ते खाचा मोजून काढलं. मुलं बरोबर असतील तर हे नक्की करा.

आतल्या चौकाच्या तोंडाशी खडकात खोदलेली विहीर आहे, सुमारे २८ मीटर खोल. तिच्या पलीकडे राजाराणीचे महाल. चॅपल बुरुजात भिंतीच्या जाडीतच कोरून काढल्यासारखं छोटं प्रार्थनागृह आहे. तिथे गर्दी नसेल तर आवाज किती स्वच्छ घुमतो ते ऐका. तुरुंगाच्या बुरुजात तळाला एक कोठडी आहे, जिच्यात उतरायची वाट फक्त वरून होती. तिथे मी फार वेळ थांबत नाही.

आणि बुरुजांवर चढाच. आतल्या चार बुरुजांना डोक्यावर आणखी एकेक टेहळणीचा छोटा मनोरा आहे. वरून एका बाजूला स्नोडोनियाचे डोंगर, दुसरीकडे भरतीओहोटीची नदी आणि खाली तीन पूल एकमेकांना चिकटून दिसतात. त्यातला थॉमस टेलफर्डचा झुलता पूल १८२६ चा आणि रॉबर्ट स्टीफन्सनचा रेल्वे पूल १८४८ चा. रेल्वे पूल म्हणजे लोखंडी नळी आहे आणि आजही गाडी तिच्यातूनच जाते. दोन्ही अभियंत्यांनी आपल्या पुलांचे मनोरे किल्ल्याला शोभतील असे बुरुजासारखे केले.

छप्पर का नाही? लढाईत गेलं का?

तोफांनी नाही. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात किल्ला राजाच्या बाजूचा होता, तो १६४६ मध्ये पार्लमेंटच्या फौजेने घेतला. १६५५ मध्ये तो पुन्हा लढवता येऊ नये म्हणून मुद्दाम निकामी करण्यात आला. मग १६६५ मध्ये एडवर्ड कॉन्वे या उमरावाने विकण्यासाठी छपरावरचं शिसं आणि लोखंड उतरवून नेलं. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. शिसं गेलं की पाऊस आत, आणि पाऊस आत आला की लाकूड कुजणारच. आपल्याकडच्या वाड्यांची कौलं गेली की जे होतं तेच.

इथे एखादी खरी गाजलेली लढाई झाली का?

समोरासमोरची मोठी लढाई नाही, पण प्रसंग मात्र एकाहून एक.

१२९४ च्या हिवाळ्यात मादोग आप लुवेलिनच्या नेतृत्वाखाली वेल्श लोकांनी उठाव केला आणि खुद्द एडवर्ड या किल्ल्यात अडकला. नदीला पूर, बाहेर उठाववाले, रसद फक्त समुद्रातून. तो जानेवारी १२९५ पर्यंत आत होता. १३९९ मध्ये राजा दुसरा रिचर्ड आयर्लंडहून परतून इथे आश्रयाला आला. नॉर्थंबरलंडच्या अर्लने त्याला सुरक्षिततेचं वचन दिलं, राजा त्यावर विसंबून बाहेर पडला आणि वाटेतच पकडला गेला. राज्यही गेलं.

पण मला सगळ्यात भिडतो तो १ एप्रिल १४०१ चा दिवस. गुड फ्रायडे होता आणि शिबंदी गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेला गेली होती. किल्ल्याच्या दाराशी सुतार आले, कामाला आलोय म्हणाले. दोन पहारेकऱ्यांनी त्यांना आत घेतलं आणि ते दोघं तिथेच मारले गेले. सुतारांच्या वेषात होते ऱ्हिस आणि ग्विलिम आप टुडुर या भावांचे साथीदार, इंग्रजांविरुद्ध उठलेला वेल्श नेता ओवाइन ग्लिनडूर याच्या स्वातंत्र्ययुद्धातले. एवढ्या खर्चाचा, अभेद्य म्हणून बांधलेला किल्ला चाळीसेक माणसांनी घेतला आणि जवळजवळ तीन महिने राखला. शेवट कडू आहे: शरणागतीच्या वाटाघाटीत भावांना माफी मिळाली, पण त्यांचेच नऊ साथीदार इंग्रजांच्या हाती देण्यात आले आणि ते मारले गेले. या भावांचा आणखी एक भाऊ होता, मरेदिद. त्याचाच पणतू पुढे सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला.

त्या दरवाजात उभं राहून मी ही गोष्ट पाहुण्यांना सांगते, तेव्हा आपली माणसं लगेच गप्प होतात. वेषांतर, सणाचा दिवस, मोजकी माणसं: हे सगळं त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

जायचं कसं?

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून लँडिड्नो जंक्शनपर्यंत साधारण तीन तास, काही गाड्या थेट आहेत. तिथे उतरून पुलावरून चालत वीसेक मिनिटांत किल्ला. चालतच या, कारण किल्ला हळूहळू अंगावर येतो ते बघण्यासारखं आहे. कॉन्वीला तटाच्या आतच छोटं स्टेशन आहे, पण तिथे मागणी केली तरच गाडी थांबते. उतरायचं असेल तर गार्डला आधीच सांगा, चढायचं असेल तर फलाटावरून हात दाखवा.

गाडीने येत असाल तर किनाऱ्याचा मोठा रस्ता ए-५५ धरा आणि नदीखालच्या बोगद्यात शिरायच्या आधी कॉन्वीच्या फाट्याला बाहेर पडा. बोगद्यात गेलात तर किल्ला डोक्यावरून निघून जाईल. तटाच्या आतले रस्ते अरुंद आहेत, गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावा.

तिकीट किती आणि वेळ काय?

दर आणि वेळा हंगामानुसार बदलतात, निघण्यापूर्वी कादूच्या संकेतस्थळावर बघा. कादू ही वेल्सच्या ऐतिहासिक वास्तूंची सरकारी संस्था. वेल्शमध्ये या शब्दाचा अर्थच "राखणं, जतन करणं" असा आहे. हिवाळ्यात किल्ला लवकर बंद होतो आणि नाताळच्या दिवसांत बंदच असतो. किल्ल्याला दोन तास धरा, गावासह पूर्ण दिवस.

गावाच्या तटावर चालता येतं का?

येतं, बऱ्याच भागावर, आणि फुकट. २१ बुरूज, तीन मूळ वेशी. दक्षिणेच्या बाजूला बाहेरून बघितलंत तर तटातून एका ओळीत बारा दगडी शौचकूप पुढे आलेले दिसतात, राजाच्या कारभाऱ्यांच्या सोयीसाठी बांधलेले. मुलांना हे नक्की दाखवा, घरी गेल्यावर त्यांना तेवढंच आठवतं.

आईबाबा साठी-सत्तरीचे आहेत. जमेल का?

किल्ला जमेल, बुरूज कदाचित नाही. प्रवेशापाशीच चढ आणि पायऱ्या आहेत. बुरुजांचे जिने चक्री, अरुंद, मधोमध झिजलेले. माझ्या आईचे गुडघे दुखतात. ती दोन्ही चौक आणि दालन सावकाश फिरली आणि आम्ही वर गेलो तेव्हा दालनाजवळ बसून राहिली. तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. चाकाची खुर्ची असेल तर आधी फोन करून विचारा. बाबागाडी मात्र आणू नका, बाळाला झोळीत घ्या.

जिन्यावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकालाच मागे जावं लागतं. आधी हाक द्या आणि मग चढा.

पाऊस असेल तर?

पाऊस असेलच असं धरून चला. आपल्याला पावसाचं काही वाटत नाही, पण इथे वारा त्याला आडवा आणतो. बुरुजावर छत्री उघडू नका. टोपीचा रेनकोट आणि पकड असलेले बूट पुरे. ओल्या दगडावर चप्पल घालून येणाऱ्यांना मी खालीच थांबवते.

शाकाहारी खायला काय मिळतं?

गावात चहाची दुकानं बरीच आहेत. बारा ब्रिथ नावाचा सुक्या मेव्याचा, चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव लोणी लावून खा. ग्लॅमॉर्गन सॉसेज हे नावाने फसवणारं असलं तरी चीज, लीक (कांद्याच्या कुळातली भाजी) आणि पावाच्या चुऱ्याचं असतं. वेल्श केकबद्दल मात्र विचारून घ्या, जुन्या पद्धतीत त्यात डुकराची चरबी घालतात. अंडं चालत नसेल तर प्रत्येक ठिकाणी विचारावं लागेल. धक्क्यावर चिप्स घेतल्या तर समुद्रपक्ष्यांकडे लक्ष ठेवा, ते हातातून उचलतात.

वेल्श भाषेतले काही शब्द यायला हवेत का?

गरज नाही, सगळे इंग्रजी बोलतात. पण दुकानातून निघताना "दिओल्ख" म्हणजे "धन्यवाद" म्हणून बघा, समोरचा चेहरा खुलतो. रस्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं "आराव" म्हणजे "हळू". आणि मराठी माणसाला एक गोष्ट सोपी जाते: ऱ्हिस या नावातला ऱ्ह. इंग्रजांना तो जमत नाही, "ऱ्हास" म्हणणाऱ्या आपल्या जिभेला तो बराच जवळ आहे.

एक दिवस हाताशी जास्त असेल तर कुठे जावं?

बहुतेक जण कार्नार्वनला जातात, आणि तो किल्ला भव्य आहेच. भारतातून लुटून किंवा जिंकून नेलेल्या वस्तू बघायच्या असतील तर दक्षिणेला वेल्शपूलजवळचा पॉविस किल्ला. क्लाइव्ह घराण्याचा संग्रह तिथे आहे, टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबूही.

पण माझं ऐकाल तर कॉन्वी नदीच्या काठाने वर जा. आधी डॉल्विथेलन: डोंगराच्या धारेवर एकटा चौकोनी बुरूज, खुद्द वेल्श राजांचा, एडवर्डने जानेवारी १२८३ मध्ये घेतलेला. कॉन्वीच्या आठ बुरुजांनंतर तो फार साधा वाटतो. त्या साध्या बुरुजावरूनच ते आपला मुलूख राखत होते. परतताना लानरूस्टला थांबा. तिथल्या चर्चच्या बाजूच्या चॅपलमध्ये जमिनीवर दगडाची एक लांब शवपेटी ठेवली आहे, बाजूंना चार पाकळ्यांची नक्षी. थोरल्या लुवेलिनची. मठ हलला तेव्हा तीही संन्याशांबरोबर हलली, मठ बुडाल्यावर फिरत फिरत इथे आली. झाकण नाही, आत काही नाही. कडेला हात लावून बघा, दगड गार असतो आणि कोरीव कडा अजून बोटाला लागतात.